चार आत्या उंचीची खिडकी

ता. ६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रिय आत्या,

नमस्कार. वाकून केलाय असं समज. प्रत्यक्षात खुर्चीत बसूनच केलाय आणि ते तुला अक्षरावरून कळेलच. मी बरी आहे. खोकला गेला. तू विणलेली टोपी घालते. ऑफिसात नाही, पण घालते.

तुझा गुडघा कसा आहे ते विचारत नाही. तू 'बरा आहे' लिहिणार आणि खरं काय ते शेजारच्या काकू कळवणार. जिन्यात घसरलीस हेही त्यांच्याचकडून कळलं. तू मला लिहिलं होतंस, 'या आठवड्यात बाहेर फारशी पडले नाही.' बाहेर नाहीच पडलीस, जिन्यात पडलीस. व्याकरणाच्या बाईंशी कोण वाद घालणार?

तुझं कार्ड मिळालं. मी चांगली चार पानं लिहिली होती. तुझा तिसरा मजला, लिफ्ट नाही, माझ्याकडे तळमजला, आतली खोली रिकामी, आता ये ती कायमचीच ये, वगैरे. त्यावर तुझं उत्तर एका ओळीत: 'तिकडे येऊन राहण्याचं म्हणतेस, ते बघू.' आणि खाली तांबड्या शाईत माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, त्या मात्र सविस्तर.

तुझ्या हाताखाली वाढलेल्या माणसाला 'बघू'चा अर्थ सांगावा लागत नाही. मी सायकल मागितली तेव्हा 'बघू'. मांजर पाळू म्हटलं तेव्हा 'बघू'. केस कापायचे म्हटलं तेव्हा तर 'बघू, बघू', म्हणजे दोनदा नाही. तेव्हा समजले काय ते. हा विषय इथेच सोडते.

तू विचारलं होतंस की पडदे निवडायला पाच माणसं कशाला लागतात. सांगते. आम्ही दवाखाने, दुकानं, घरं आतून सजवून देतो, आणि त्यात पडदे सगळ्यात शेवटी येतात. लाकडाचं काम सुतारमामांचं. माझे मामा नव्हेत, पण पन्नाशी उलटलेली आहे आणि मिश्या मामासारख्या आहेत. उजेडाचं काम दिवेबाईंचं. नळ, तारा, हवा हे सगळं एका इंजिनिअरकडे. त्याला मी मनातल्या मनात नन्ना म्हणते, कारण त्याचा दिवस नन्नाच्या पाढ्याने सुरू होतो. वर मोठ्या बाई, म्हणजे मालकीण. आणि मी. मी नकाशे काढते आणि या चौघांनी एकमेकांचे गळे धरू नयेत एवढं बघते.

आम्ही पाचही जण पाच देशांतले. ऑफिसची भाषा आमच्यातल्या कुणाचीच नाही. पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबशीसारखी सगळे ती जपून वापरतात आणि तरी रोज एखादी फुटते. होकाराला काही अडत नाही, घोडं अडतं ते नकाराला. दिवेबाईंना एखादा नकाशा आवडला नाही की त्या म्हणतात, "कागद छान आहे." सुतारमामा कशालाही मान डोलावतात. त्याचा अर्थ 'ऐकू आलं', बाकी काही नाही. नन्ना आधी 'नाही' म्हणतो आणि संध्याकाळपर्यंत तेच काम करून ठेवतो. मोठ्या बाई चष्मा काढतात. त्यांनी चष्मा काढला की आम्ही आपापल्या टेबलाकडे पळतो.

आणि मी? मी म्हणते, 'बघू'.

झालं असं की आमच्याकडे एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचं काम आलं. त्यांना अशी बसायची खोली हवी होती की पेशंट घाबरून परत जाऊ नयेत. सुतारमामा म्हणाले, एकच मोठा गोल बाक करू, सगळे एकमेकांकडे तोंड करून बसतील, आपण एकटे नाही म्हणून धीर येईल. माझ्या डोळ्यांसमोर आठ सुजलेले गाल एकमेकांकडे बघत बसलेले आले. पण वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं? आपोआप बोलून गेले, "बघू." तेही मराठीत.

त्यांनी विचारलं, "म्हणजे काय?" मीही शहाणी. शब्दशः सांगितलं, म्हणजे आपण सगळे मिळून ते नजरेखालून घालू. त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, विषय आपल्या पद्धतीने सन्मानाने मेला.

आता आमच्या धंद्याची रीत ऐक. आमच्यात एखादी वस्तू बघायची म्हणजे आधी तिचा पुऱ्या मापाचा नमुना करायचा. कागदावर बघण्याला कुणी बघणं म्हणत नाही. काही आठवड्यांनी सुतारमामांनी मला वर्कशॉपमध्ये बोलावलं, चादर ओढली आणि म्हणाले, "तुझा बघू तयार आहे."

आठ माणसांचा गोल बाक, आत्या. सागवानासारखं तांबूस लाकूड, कुठे सांधा दिसेल तर शपथ. मी म्हटलं, मामा, मी कुठे करा म्हटलं होतं? ते म्हणाले, "बघायचं तर आधी करायला नको का?" यावर तुझ्याकडे काही उत्तर असेल तर कळव. 'ध'चा 'मा' व्हायला एक अक्षर तरी बदलावं लागतं. इथे शब्द तोच आणि अर्थ उलटा.

बरं, तो दवाखान्याच्या दारातून आत जाईना. नन्नाने दार मोजलं आणि म्हणाला, "नाही." त्याचा हा पहिला नकार जो संध्याकाळपर्यंत टिकला. शेवटी बाक मधोमध कापला. अर्धा डॉक्टरीणबाईंकडे खिडकीसमोर बसवला, अर्धा वर्कशॉपमध्ये पडून आहे. मोठ्या बाईंनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि म्हणाल्या, चूक कुणाचीही असो, शब्द चांगला आहे. 'आधी करून पाहा, मग बोला' एवढं सगळं दोन अक्षरांत दुसऱ्या कुठल्या भाषेत मावत नाही. तेव्हापासून ज्या नकाशाचा नमुना करायचा त्यावर 'बघू' असं लिहितात. नन्नाने तर रबराचा शिक्का करून आणलाय. त्यावर 'बघु' आहे. होय, ऱ्हस्व. मीच लिहून दिलं होतं. रागावू नकोस.

जपून राहा. कठडा धरून उतर.

तुझी
भिंगरी

ता. क. तुझा पलंग किती उंच आहे? आणि खिडकी जमिनीपासून किती वर? जिन्यात कठडा कुठल्या हाताने धरतेस? सहज विचारतेय.


ता. २७ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझं पत्र मिळालं. तू लिहितेस, 'पलंग अडीच वीत. खिडकी सहा वीत, त्यामुळे बसून फक्त आभाळ दिसतं. कठडा डाव्या हाताने, कारण उजव्या हातात पिशवी. सहज विचारलंस, सहज सांगितलं.'

हे मी ऑफिसात वाचून दाखवलं आणि अनर्थ ओढवला. नन्ना म्हणाला, वीत म्हणजे काय? मी हात ताणून दाखवला. त्याने लगेच पट्टी लावून लिहून घेतलं. दिवेबाई म्हणाल्या, "पण हा हात तुझा आहे. मोजलं कुणी?" मग प्रत्येकाने आपापली वीत टेबलावर ठेवली. सुतारमामांच्या एका वितेत माझी दीड वीत बसते. नन्नाची त्याला वाटत होती त्याहून बरीच लहान निघाली, तो दिवसभर नाराज होता. शेवटी एकमताने ठरलं की तुझीच वीत हवी. तेव्हा कृपा करून एका कागदावर उजवा हात ताणून ठेव आणि भोवती पेन्सिल फिरवून पाठव. कारण विचारू नकोस.

बरं, विचारशीलच. आमच्याकडे एक नवीन ग्राहक आहे. वयस्कर बाई. हट्टी, तापट, मनातलं सांगायचं नाही म्हणजे नाही. वय साधारण तुझ्याएवढं, उंचीही तुझ्याएवढी. योगायोग. तिच्यासाठी एक खोली करायची आहे आणि त्या खोलीवरून आमच्यात रोज रण माजतंय.

सुतारमामा म्हणतात, पलंग दाराच्या समोर हवा. त्यांच्याकडे घरात कोण आलं, कोण गेलं हे आधी थोरल्या बाईला दिसलं पाहिजे. मी त्यांना 'आत्या' शब्द समजावून सांगितला तर त्यांच्या भाषेत त्यासाठी वेगळा शब्द निघाला आणि तो उच्चारताना ते उभे राहिले. म्हणाले, बापाची बहीण कुणालाही, कुठल्याही वयात, कारण नसताना रागावू शकते, तिला उंच पाठीची खुर्ची हवीच. दिवेबाई म्हणतात, दारासमोर झोपवणं हा त्यांच्याकडे अपमान. म्हातारं माणूस कोपऱ्यात, पाठीमागे उजेड, म्हणजे त्याला सगळ्यांचे चेहरे दिसतात आणि त्याचा चेहरा कुणी वाचू शकत नाही. नन्ना म्हणतो, उंबरा नाही, चटई नाही, उंच पाठ तर नाहीच नाही. त्याची आजी असल्याच खुर्चीतून पडली होती.

मी आगीतून उठून फुफाट्यात. मामांना हो म्हणावं तर दिवेबाई कागदाची स्तुती करतात. गेल्या मंगळवारी तर त्यांनी कागद, शाई, पेन्सिल, सगळ्याची केली. शेवटी मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "त्या बाईला कुणी विचारलंय का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणून तुला विचारते. समज, तू त्या बाईच्या जागी आहेस. तुला काय हवं असतं?

बाकी ठीक. ऑफिसात दिवसभर एवढी बडबड होते की घरी आल्यावर घर फारच गप्प वाटतं. मी हल्ली किटलीशी बोलते. ती उत्तर देत नाही, पण निदान शिट्टी वाजवते. असो. हे काही तुला सांगायचं नव्हतं.

तुझी
भिंगरी


ता. ३ एप्रिल

प्रिय आत्या,

नमस्कार. तुझा हात मिळाला.

त्याच्याखाली तू लिहिलंस, 'हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आणि तुझ्या त्या बाईला सांग, खिडकीतून बसल्या बसल्या रस्ता दिसला पाहिजे. दाराला आतून कडी हवी. चहा आपला आपण करता आला पाहिजे, कुणाला "टाकतेस का गं" विचारायला लागता कामा नये. पाहुणी दोन दिवस शोभते. तिसऱ्या दिवशी तिला स्वतःची कडी लागते.'

मी हे सगळ्यांना भाषांतर करून सांगितलं. भांडण तिथेच मिटलं. मामांनी पलंगाचा आणि उंच पाठीच्या खुर्चीचा हट्ट सोडला, दिवेबाईंनी कोपऱ्याचा. नन्ना म्हणाला, "कडी? नाही. आत कुणी पडलं तर?" आणि संध्याकाळी बाहेरूनही उघडता येईल अशी कडी घेऊन आला. आतली व्यक्ती शुद्धीवर असेल तर बाहेरच्याने ती उघडायची नाही, असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलं.

तुझा हात वर्कशॉपच्या भिंतीवर लावलाय. मामांनी त्यावरून लाकडाची एक पट्टी कापली, बरोबर एका वितेची, आणि तिला नाव पडलं 'आत्या'. आता सगळी मापं आत्यात चालतात. नन्ना फोनवर ओरडतो, "साडेतीन आत्या, एक बोट जास्त नाही." मामा म्हणतात, "या कोपऱ्यात दोन आत्या बसतील." परवा दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या, त्या ऐकून जरा घाबरल्याच. खिडकी चार आत्या उंचीवर घेतली आहे. खुर्चीत बसून रस्ता दिसतो, बस थांब्यावर कोण कुणाशी भांडतंय तेही दिसतं.

तुला कधीच कळलं असणार. ग्राहक बाई वगैरे कुणी नाही. खोली माझ्याच घरातली आतली आहे.

मी कुणाला करायला सांगितलं नव्हतं, खरंच. तुझं ते पहिलं कार्ड माझ्या टेबलावर होतं. नन्नाने विचारलं, आत्या काय म्हणाली? मी म्हटलं, 'बघू'. तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी माझा हात हातात घेऊन हलवला. मी परोपरीने समजावलं की आमच्या घरातला 'बघू' निराळा आहे, त्याचा अर्थ नाही असा होतो. पालथ्या घड्यावर पाणी. मामा म्हणाले, "मग तुमच्या घरात काही तयार होतं कसं?" आणि नन्नाने तुझ्या कार्डावर शिक्का मारला. त्यानंतर दर शनिवारी चौघेही माझ्याकडे. खोलीतल्या पेट्या काढल्या, भिंत रंगवली, खिडकी खाली आणली. वर्कशॉपमध्ये पडलेला अर्धा बाक मोठ्या बाईंनी स्वतः टेम्पोतून आणला. तो खिडकीखाली बसलाय. चार माणसं बसतात. ती कुठून आणायची ते तू बघ. तुझ्याकडे असल्या गोष्टींना वेळ लागत नाही.

किटलीचा कट्टा वेगळा आहे. रात्री पलंगावरून पाय खाली ठेवलास की जमिनीलगत मंद दिवा लागतो, थेट मोरीपर्यंत. तो दिवेबाईंचा. नकाशा सोबत जोडते आहे.

आता जे लिहायचं ते लिहिते. गेली दोन वर्षं मी तुला तुझ्या गुडघ्याबद्दल लिहितेय. जिना, लिफ्ट, डोळे, थंडी. ते सगळं खरं आहे, पण म्हणून नाही. मला इथे एकटीला करमत नाही, आत्या. आई-बाबा गेल्यावर तू मला तुझ्या घरी नेलंस तेव्हा तू पहिल्याच दिवशी मला स्वतःची खुंटी दिलीस, दप्तराची. पाहुणी म्हणून नाही ठेवलंस. मी आता मोठी झाले, चार लोक माझं ऐकतात, पण घरी आल्यावर दिवा मीच लावायचा आणि दार मीच उघडायचं. एखाद्या दिवशी आतून कुणीतरी म्हणावं, आलीस का, उशीर केलास. एवढंच हवंय. तुझी सोय म्हणून बोलावत नाही. माझी म्हणून बोलावते.

नको असेल तर नको म्हण. पण 'बघू' म्हणू नकोस. त्या शब्दाचा आता मला काहीच भरवसा राहिलेला नाही.

तुझी वाट बघणारी
भिंगरी


ता. १४ एप्रिल

चि. भिंगरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझा नकाशा तपासून परत पाठवत आहे. तांबडी शाई दिसेलच. किटलीचा कट्टा दोन बोटं खाली घ्यावा, मी आता पूर्वीइतकी उंच राहिलेली नाही. खिडकी ठीक. बाक ठीक. उंच पाठीची खुर्ची तुम्ही रद्द केलीत ती परत घ्यावी. ज्यांनी ती सुचवली त्यांना माझ्यातर्फे नमस्कार सांग, त्यांना आत्या कळते. तुझ्या इंजिनिअरला सांग की मी शुद्धीवर आहे आणि राहीन.

'तापट' हे विशेषण मला मान्य नाही. 'हट्टी' चालेल. ग्राहक बाईची थाप मी तुझ्या दुसऱ्याच पत्रात ओळखली होती. तरी हात पाठवला. यावरून काय समजायचं ते तुला तेव्हाच समजायला हवं होतं, पण तू लहानपणापासून मजकूर वाचतेस, अर्थ वाचत नाहीस.

मी येत नव्हते त्याचं कारण तुला माहीत आहे. मला कुणाकडे राहायचं नव्हतं. तू मला तुझ्याकडे बोलावत होतीस तोवर मी नाहीच म्हणणार होते. या वेळी तू प्रथमच लिहिलंस की तुला माझी गरज आहे. मग येणं भाग आहे. तुझी ती खुंटी अजून दाराजवळ आहे. काढून बरोबर आणते. कुठे ठोकायची ते सुतारांना ठरवू दे.

महिनाअखेरीस निघते. शेजारच्या काकू गाडीत बसवून देतील. दोन पेट्या आहेत. परतीचं तिकीट काढलेलं नाही.

शिक्का मात्र ताबडतोब बदला. शब्दाच्या शेवटी येणारा उकार दीर्घ असतो हे मी तुला पाटीवर शिकवलं आहे. ऱ्हस्व उकाराच्या शिक्क्याखाली तयार झालेल्या खोलीत मी पाऊल ठेवणार नाही.

आणि एक. मी एवढी वर्षं व्याकरण शिकवलं आणि घरात स्वतःच चुकत आले. 'बघू' हे प्रथमपुरुषी अनेकवचन आहे. एकट्या माणसाने 'बघेन' म्हणायचं असतं. 'बघू' म्हणायला दुसरं माणूस लागतं. मी तो शब्द आयुष्यभर एकटीने वापरला, म्हणून त्याचा अर्थ 'नाही' असा होत राहिला. तुझ्या त्या लोकांनी तो बरोबर वाचला.

तेव्हा दीर्घ उकार नीट देऊन लिहिते. बघू.

तुझी
आत्या